हरळीचं ऊन

वाशिमसारख्या गावात उन्हाची बाजू घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या घरी गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असतात. तिसरी शक्यता संभवत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकला की आम्हा वऱ्हाडकरांना देव, धर्म, राजकारण यांपैकी काहीही नको असतं. फक्त सावली हवी असते. पुण्या-मुंबईकडचे लोक जमीन, फ्लॅट, सोनं वगैरे मिळकती करतात. आमच्याकडे सावली हीसुद्धा एक मिळकत आहे. स्कूटर लावायची तर सावलीत, भाजी घ्यायची तर ज्या गाडीला सावली आहे तिच्याकडे, आणि एखाद्याशी वैर असलं तरी भर दुपारी त्याच्या अंगणातल्या झाडाखाली दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही, असा अलिखित तह आहे. विजेच्या एका खांबाच्या चार बोटं सावलीत पाच माणसं एकामागे एक उभी राहून एस. टी.ची वाट पाहत असलेली मी स्वतः पाहिली आहेत. पाचवा मीच होतो.

अशा गावात वाढलेल्या माणसाला, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कुणी जर म्हणालं असतं की एक दिवस तू हातात फक्कीचं घमेलं घेऊन भर दुपारी मैदानावर ‘इथं ऊन का येत नाही हो?’ म्हणून हळहळत फिरशील, तर मी त्याला आधी डोक्यावर ओला पंचा ठेवायला सांगितलं असतं. पण तसं झालं खरं.

त्याचं असं झालं की आमच्या कॉलनीच्या क्रीडा मंडळाची वार्षिक सभा झाली आणि मी तिला गेलो नाही. सार्वजनिक जीवनात एवढी चूक पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेजण घरी आले आणि एकमताने सेक्रेटरी झाल्याबद्दल माझं अभिनंदन करून, आमच्याकडचाच चहा पिऊन निघून गेले. माझी निवड तीन गुणांवर झाली होती असं नंतर कळलं. मी सेवानिवृत्त आहे, माझं अक्षर बरं आहे आणि माझं घर मैदानाला लागून असल्यामुळे मला ‘दिसत नव्हतं’ असं म्हणता येणार नाही.

मैदान म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. उत्तरेला रस्ता, पूर्वेला एक नवी तीन मजली इमारत, पश्चिमेला आमची घरं आणि दक्षिणेच्या कडेला एक भलामोठा कडुनिंब. या एवढ्याशा जागेत क्रिकेट, कबड्डी, खो-खो, फुटबॉल, १५ ऑगस्टचं झेंडावंदन आणि दोन लग्नांच्या पंगती इतके खेळ चालतात. दक्षिणोत्तर टोकांना लोखंडी पाइपांचे दोन गोल आहेत. त्यातला दक्षिणेकडचा गोल बरोबर त्या निंबाच्या पुढ्यात, बुंध्यापासून वीस फुटांवर आहे.

तो निंब माझ्या वडिलांनी लावला. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो वेगळा सांगायला नको. त्या वर्षी आमच्या या माळावर सावली धरायला बाभळीचं खोडसुद्धा उरलं नव्हतं. १९७३च्या पावसाळ्यात वडिलांनी कुठूनसं एक वीतभर रोप आणून मैदानाच्या कडेला लावलं. ‘पोरं उन्हात खेळतात, दमली की बसतील कुठं?’ एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पुढची चार वर्षं रोज सकाळी आंघोळीआधी एक बादली पाणी त्या झाडाला, असा त्यांचा नेम होता. मी दहा वर्षांचा होतो. त्या काळात माझ्याकडेही त्यांचं इतकं लक्ष नव्हतं, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत असे. झाड मात्र गुणी निघालं. आज ते चाळीस फूट उंच आहे. मी पाच फूट साडेचार इंचांवर थांबलो.

सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर तक्रार आली ती शेजारच्यांच्या नववीतल्या मुलीची. ही मुलगी शाळेच्या संघात गोलकीपर आहे. मुलींचा फुटबॉल संघ, त्यात गोलकीपर आणि ती आमच्या कॉलनीतली, असे तीन अभिमान एकत्र असल्यामुळे आम्ही सगळे तिच्या बाबतीत जरा हळवे आहोत. ती मला इतके दिवस काका म्हणायची. सेक्रेटरी झाल्या दिवसापासून आजोबा म्हणू लागली. तिने बाह्या वर करून दोन्ही कोपरं दाखवली. किसणीवर नारळ धरावा तशी सोलून निघालेली. “आजोबा, तिकडच्या गोलात मी पडते तेव्हा काही होत नाही. इकडच्या गोलात गवतच नाही. नुसती माती. आमची मॅच आली आहे आणि मला आता डाइव्ह मारायची भीती वाटते.”

गोलकीपरला पडायची भीती वाटणं म्हणजे पोस्टमनला पत्राची भीती वाटण्यासारखं आहे. मी तातडीने जागेची पाहणी केली. साऱ्या मैदानावर हरळी पसरलेली आणि निंबासमोरच्या गोलात मात्र चांगलं पंगतीच्या पत्रावळीएवढं, नव्हे, अख्ख्या पंगतीएवढं टक्कल.

आता हरळी म्हणजे काय हे मी वऱ्हाडी वाचकांना सांगायला नको. गणपतीला वाहतात ती दूर्वा म्हणजेच ही. देवघरात दूर्वा, शेतात हरळी आणि विलायती मैदानावर गेली की ‘बर्म्युडा ग्रास’. एकाच बाईला माहेरी, सासरी आणि नोकरीच्या ठिकाणी तीन नावं असावीत त्यातला प्रकार. शेतकऱ्याइतका तिचा द्वेष जगात कुणी करत नाही. निंदा, खुरपा, नांगरा, काडी काडी वेचून धुऱ्यावर फेका. आठ दिवसांनी ती फेकलेली काडीच धुऱ्यावर मूळ धरून तुमच्याकडे बघत असते. शेतात जी मारता मरत नाही ती आमच्या गोलात जगवता जगेना!

कमिटी बसली. खजिनदार म्हणाले, “युरिया टाका.” खजिनदारांना पैसे खर्च न होणारे उपाय सुचत नाहीत असा माझा समज होता, पण युरियाचं अर्धं पोतं त्यांच्या घरी पडून होतं. टाकला. पंधरा दिवसांत उरल्यासुरल्या काड्या अशा सरसरून वाढल्या की आम्ही एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले. पण ती वाढ काही खरी नव्हती. लांब, बारीक, पांढुरकी, मान टाकलेली पाती. माझा मॅट्रिकच्या वर्षीचा एक फोटो आहे, थेट तसा अवतार. पहिल्याच सामन्यात ती सगळी पाती बुटांखाली गेली आणि पुन्हा उठली नाहीत.

मैदानाचे चौकीदार म्हणजे आमचे आबा. मूळचे मालेगाव तालुक्यातले शेतकरी. मुलांनी शेत हाती घेतल्यावर इकडे आले. ते हा सगळा तमाशा बिडी ओढत पाहत होते. मी विचारल्यावर म्हणाले, “साहेब, सारी जिंदगी गेली हराळी खोदता खोदता. आता म्हातारपणी तुम्ही म्हणता, आबा, हराळी लाव! बरं, लावतो. पण हिले मारायचं असन तं कुऱ्हाड नाई लागत जी. पऱ्हाटी दाट होऊ द्या, सावलीनंच मरते. अन् तुम्ही तिले निंबाखाली जगवाले निघाले!”

“पण युरियाने वाढली होती की, आबा.”

“धुऱ्यावरच्या झाडाखालची ज्वारी पाहिली नाई का कधी? धांडे वाढते, कणीस नाई भरत. उन्हासाठी मान वर करते बिचारी. ते वाढणं नोहे, ते शोधणं हाय.”

मी पस्तीस वर्षं कचेरीत टिपणं लिहिली. इतकं नेमकं टिपण माझ्या हातून एकदाही उतरलं नाही. तरीपण सरकारी सवयीने मी दोन-चार पुस्तकं धुंडाळली, आणि पुस्तकांनी आबांच्याच म्हणण्यावर सही केली. हरळी, ज्वारी, मका, ऊस ही सगळी एका गोत्रातली मंडळी. शास्त्रज्ञ त्यांना ‘सी-फोर’ वनस्पती म्हणतात. यांच्या पानात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड कोंडून ठेवायची एक जादा खोली असते. त्या खोलीमुळे कडक उन्हात यांचा धंदा दणक्यात चालतो. पण खोलीचं भाडं उन्हातच भरावं लागतं. ऊन कमी पडलं की भाडं थकतं. याउलट इंग्लंडातलं रायगवत. विंबल्डनच्या कोर्टांवर २००१ सालापासून निव्वळ तेच असतं, आठ मिलिमीटरवर कापलेलं. ते थंड देशातलं. साधारण निम्म्या उन्हातच त्याचं पोट भरतं. आपल्या हरळीचं पोट पूर्ण उन्हातही भरत नाही. चांगली दाट राहायची, तुडवली तरी पुन्हा उठायची, तर तिला दिवसाकाठी निदान सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. म्हणजे साऱ्या वाशिममध्ये उन्हासाठी कासावीस होणारा जीव एकच आणि आम्ही नेमका त्यालाच सावलीत बसवलेला.

आता प्रश्न उरला, सावली कुणाची? खरं सांगतो, माझा संशय पूर्वेच्या तीन मजली इमारतीवर होता. संशय कसला, इच्छाच होती. इमारतीच्या मालकांशी माझं नळाच्या पाण्यावरून जुनं आहे. शिवाय तिचा दोष निघाला तर आपल्याला फक्त हळहळायचं होतं. कुणी इमारत पाडायला सांगणार नव्हतं. म्हणून मी रीतसर चौकशी करायचं ठरवलं. २२ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. त्या दिवशी पहाटे स्वेटर, मफलर, घड्याळ, वही आणि फक्कीचं घमेलं घेऊन मी मैदानात हजर झालो आणि दर अर्ध्या तासाला गोलातल्या सावलीच्या कडेने फक्की मारत गेलो. सौ. दोनदा कुंपणापाशी येऊन पाहून गेली. दुसऱ्या वेळी तिच्याबरोबर शेजारच्या वहिनी होत्या.

इमारतीची सावली सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत. वा! मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग अर्धा तास ऊन. आणि दहाच्या सुमारास निंब आला. सावकाश, वडील देवळातून परत यायचे तसा. तो गोलात येऊन बसला तो दुपारी दोनपर्यंत उठला नाही. डिसेंबरात आमच्या वाशिमला भर मध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. चाळीस फुटांचा निंब, अडतीस फुटांची सावली. आणि गोल वीस फुटांवर. दोननंतर पुन्हा ऊन. पण ते उतरतं, आणि शेवटचा एक तास तर नावालाच. बेरीज केली. दिवसभरात जेमतेम चार तास. इमारतीने सकाळचं कोवळं ऊन घेतलं होतं. चार तासांचं भरदुपारचं, हरळीच्या खऱ्या जेवणाचं ऊन निंबाने खाल्लं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट पुस्तकात निघाली. भिंतीची सावली आणि झाडाची सावली या दोन सारख्या नसतात. भिंतीच्या सावलीत निदान उघड्या आकाशाचा उजेड येतो, सगळ्या रंगांचा. झाडाची पानं मात्र उजेडातला तांबडा आणि निळा भाग, म्हणजे नेमकं पीठ-मीठ, स्वतः काढून घेतात आणि उरलेलं खाली सोडतात. झाडाखालचं ऊन म्हणजे उष्टं ऊन. त्या उष्ट्या उजेडावरून गवताला कळतं की आपल्या डोक्यावर कुणीतरी बसलं आहे, आणि ते बिचारं मुळांचा विचार सोडून उंच व्हायच्या मागे लागतं. खालून झाडाची मुळं पाणी पितात ते वेगळंच. थोडक्यात, मी शेजाऱ्याला आरोपी करायला निघालो आणि चौकशीअंती माझे वडील दोषी ठरले. अहवालावर तारीख घातली, सही केली आणि वही कपाटात ठेवून दिली. कचेरीतही गैरसोयीच्या अहवालांचं मी हेच करत असे.

पण अहवाल फुटला. कमिटीत उपायांचा पाऊस पडला. उपाध्यक्ष म्हणाले, दुसरं गवत लावा. एका रोपवाटिकेत जाऊन आलो. तिथं ‘मेक्सिकन’ म्हणून मिळतं ते, म्हणजे झॉयसिया, थोडीफार सावली सोसतं. पण वाढायला इतकं सावकाश की एकदा उखडलं तर मुलगी नववीतून पदवीपर्यंत जाईल. रुंद पानांचं कार्पेट गवत सावलीत आनंदाने राहतं. पण त्याला पाणी भरपूर हवं आणि खिळ्यांचे बूट त्याला चालत नाहीत. सावली सोसणारं गवत खेळ सोसत नाही आणि खेळ सोसणारं सावली सोसत नाही. एकाच स्थळात रूप, गुण आणि पगार मिळत नाही हा अनुभव सर्वांनाच आहे.

दुसऱ्या एका तरुण सभासदाने दिवे सुचवले. युरोपातल्या मोठ्या स्टेडियममध्ये चाकांच्या सांगाड्यांवर दिव्यांच्या रांगा लावून त्या हिवाळाभर गवतावर फिरवतात, हे खरं आहे. मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर १९९०च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छप्पर चढवलं, आणि खाली गवताला ना ऊन ना वारा. पुढे कित्येकदा गवत बदलायची पाळी आली. श्रीमंतांची सावलीसुद्धा महाग असते. पण ज्या जिल्ह्यात शेतातल्या पंपाला वीज कधी येते हे पाहायला माणूस रात्री जागतो, तिथं गवतासाठी दिवे लावले असते तर आबांनी राजीनामा दिला असता.

खजिनदारांनी प्लॅस्टिकचं गवत काढलं. तेव्हा मात्र मी उभा राहिलो. उन्हाळ्यात ते गवत साठ अंशांच्या वर तापतं. आमच्या पोरांना खेळायचं आहे, भाजायचं नाही. आणि दुसरं म्हणजे त्या प्लॅस्टिकशी माझं व्यक्तिगत वैर आहे. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा त्याच्यावर खेळवली आणि आपला भारत सातवा आला. मी तेरा वर्षांचा होतो. दोन दिवस जेवलो नव्हतो. म्हणजे संध्याकाळचं.

मग कुणीतरी म्हणालं, मैदानच फिरवा. गोल पूर्व-पश्चिम करा, म्हणजे निंब बाजूला राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर कुंपणावर बसून ऐकत असलेली आमची गोलकीपर ओरडली, “आणि संध्याकाळी पाचला माझ्या डोळ्यांत सूर्य! चेंडू येतोय का सूर्य येतोय, मला कसं कळणार?” टाळ्या थांबल्या. जगभर मैदानं शक्यतो दक्षिणोत्तर आखतात ती याचसाठी, हे मला त्या दिवशी कळलं.

यावरून मला अमेरिकेतल्या ह्यूस्टनची गोष्ट आठवली. तिथे १९६५ साली ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ नावाचं छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम उघडलं. आत खरं बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळीच. तिला ऊन मिळावं म्हणून छपराला पारदर्शक तावदानं बसवली. खेळ सुरू झाला आणि उंच उडालेला चेंडू पाहायला खेळाडूंनी मान वर केली की तावदानांच्या लखलखाटात चेंडू दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. खेळाडूंना चेंडू दिसू लागला आणि खाली गवत मेलं. उरलेला हंगाम मेलेल्या गवतावर आणि रंग मारलेल्या मातीवर काढला, आणि १९६६ साली तिथे प्लॅस्टिकचं गवत आलं. त्याचं ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नावच मुळी या स्टेडियमवरून पडलं. खेळाडूंना पानं नसतात आणि गवताला डोळे नसतात, त्यामुळे एकाच उजेडाविषयी दोघांचं कधी एकमत होत नाही.

अखेर कुणीतरी उच्चारणारच होतं ते उच्चारलं गेलं. “मग झाडच काढून टाकू.”

सभेत शांतता पसरली. सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी वहीकडे. निंबाखालच्या बाकावर रोज बसणारे चार म्हातारे एकदम बोलू लागले. मुलं विरुद्ध बाजूने बोलू लागली. मी कायदा सांगितला. १९७५चा महाराष्ट्राचा झाडं जतन करण्याचा कायदा आहे, नगरपालिकेच्या परवानगीशिवाय असं झाड तोडता येत नाही. “मग परवानगीचा अर्ज करा,” अध्यक्ष म्हणाले, “सेक्रेटरीच्या सहीने.” मी म्हणालो, अर्ज लिहितो. आणि घरी आलो.

त्या रात्री पुण्याहून चिरंजीवाचा फोन आला. आमचे चिरंजीव शिक्षण झाल्यावर इथंच राहावेत म्हणून मी एके काळी बरीच खटपट केली होती. ओळखीच्या पतसंस्थेत जागा, ओळखीची माणसं, घराला लागून घर. म्हणजे अगदी बुंध्यापाशी. तो राहिला नाही. त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर आलं होतं. त्याला मी निंबाची सगळी हकीकत सांगितली. उष्टं ऊन, पांढुरकी पाती, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसून म्हणाला, “बाबा, हे गवताबद्दलच चाललंय ना?”

मी म्हणालो, “गवताबद्दलच.” थोडं थांबून म्हणालो, “तूर्त.”

“आजोबांचा निंब तोडू नका,” तो म्हणाला, “खालून थोडा मोकळा करा.”

फोन ठेवल्यावर सौ.ने विचारलं, “आज इतका वेळ काय बोलत होता?” मी म्हटलं, “बागकाम.”

माझ्या वडिलांनी कुणाचं वाईट चिंतून ते झाड लावलं नव्हतं. पोरांना सावली मिळावी हाच हेतू. पण माणूस सावली लावतो तेव्हा ती मोठी होऊन कुठवर पडेल याचा हिशेब करत नाही. आमचं वाशिमच घ्या ना. एके काळी वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी. पण पुढे कितीतरी वर्षं अकोल्याच्या सावलीत वाढलं. १ जुलै १९९८ला वेगळा जिल्हा झाला तेव्हा कुठं अंगावर थेट ऊन आलं. अकोल्यावर आमचा राग नाही. पण उन्हाची मजा वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीला गाठलं. एवढ्या सभा झाल्या. गोलकीपरला कुणी विचारलंच नव्हतं. तिने क्षणाचाही विचार केला नाही. “झाड कशाला तोडता, आजोबा? गोल सरकवा. जिथं गोल, तिथं मी.”

इतकं सोपं होतं. फक्त एक अडचण होती. त्या गोलावर देणगीदाराच्या तीर्थरूपांच्या स्मरणार्थ पाटी होती आणि आपल्याकडे पुतळा, ओटा आणि देणगीची पाटी एकदा बसली की हलत नाही. मी देणगीदारांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या वडिलांना माझ्या वडिलांच्या सावलीतून बाहेर काढायचं आहे. ते हसले आणि गोल हलला. उत्तरेला रस्ता असल्यामुळे सहाच पावलं सरकवता आला. नगरपालिकेचं पत्र घेऊन फेब्रुवारीत निंबाच्या खालच्या तीन फांद्या उतरवल्या. त्यातल्या एकीवर माझ्या बहिणीच्या नागपंचमीच्या झोक्याचा वळ अजून होता. मी खाली छत्री घेऊन उभा होतो. ऊन नव्हतं, पण हातात काहीतरी असलेलं बरं वाटत होतं. कागदावर आता उन्हाचे सहा तास होतात.

लागवडीचा मुहूर्त आबांनी काढला. मृगाच्या पहिल्या पावसावर हरळीच्या काड्या टोबायच्या. यातही शास्त्र निघालं. आमच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे ते दोन महिने निंबाची दुपारची सावली दक्षिणेला, मैदानाबाहेर पडते. वर्षभरात हरळीला निंबाने दिलेली ही एवढीच रजा. त्या रजेत तिने जमिनीखाली मुळाकांड्यांत शिधा साठवायचा आणि तो हिवाळ्यात पुरवून खायचा. युरिया बंद. कापताना विळा जरा वर धरायचा, म्हणजे असलेल्या उन्हाला पान जास्त मिळतं. तोवर सराव दुसऱ्या गोलात. आबा रोज वाकून काड्या टोबायचे आणि मधेच कपाळावर हात मारून म्हणायचे, “बाप्पा बाप्पा! माह्या बापानं पाह्यलं असतं तं काठी घेऊन धावला असता!”

वडील प्रत्येकाचेच असतात.

श्रावण संपता संपता गोल हिरवा झाला. दाट, आखूड, गडद हिरवा. मुलगी पहिल्यांदा त्यात झेपावली, चेंडू पकडला आणि उठून आपली कोपरं न पाहताच पुन्हा उभी राहिली. ते ‘न पाहताच’ पाहून मला फार बरं वाटलं.

आणि मग भाद्रपद आला. गणेशचतुर्थीच्या पहाटे मी फिरायला निघालो, तर गोलात सात-आठ बाया वाकलेल्या. कॉलनीत इतक्या कोवळ्या, इतक्या स्वच्छ, इतक्या लुसलुशीत दूर्वा दुसरीकडे कुठंही नव्हत्या आणि गणपतीला एकवीसच्या जुड्या लागतात. मी धावत गेलो. ओरडणारच होतो, तोच सगळ्यांत पुढे वाकलेली बाई उठून उभी राहिली आणि परडी पुढे करत म्हणाली, “किती छान आल्यात हो! तुमच्या वडिलांच्या झाडाखालच्या!” ती सौ. होती.

तेव्हापासून मैदानाच्या फाटकावर मंडळाची एक पाटी आहे. ‘गोलमधील दूर्वा तोडू नयेत. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ पाटी उन्हाने लवकर फिकी पडू नये म्हणून आबांनी ती निंबाच्या सावलीत लावली आहे.